खाऱ्या पाण्याचे वैद्य

पखालचाचा पाणी आधी चाखत आणि मगच पीत. जिभेच्या टोकावर दोन थेंब घ्यायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "ह्ये पंचगंगेचं. ह्ये रंकाळ्याचं. आन् ह्ये तुमच्या परड्यातल्या आडाचं. गाळ काढायला झालाय बघा, मास्तर." एकदा मी त्यांची फजिती करायची म्हणून नृसिंहवाडीच्या घाटावरून तांब्याभर पाणी आणलं, त्यात आमच्या आडाचं मिसळलं आणि त्यांच्या ओंजळीत वरून ओतलं. चाचांनी चाखलं, डोळे उघडले आणि म्हणाले, "दोन सवती एका चुलीवर बसवल्यासा व्हय?" फजिती माझीच झाली.

माझी ओळख देतो. कोल्हापूर संस्थानात महाराजांच्या कारकिर्दीतली ही गोष्ट. मी तेव्हा शाळेत सृष्टिज्ञान शिकवत होतो. वय सव्वीस, आणि चार इंग्रजी पुस्तकं वाचल्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी पक्की समजूत. कसबा बावड्याच्या वाटेवर एका जहागीरदारांचा बंगला होता. त्यांना आम्ही सगळे सरकार म्हणायचो. हे सरकार मुंबईला गेले आणि कुणाच्या तरी दिवाणखान्यात काचेच्या हौदात पोहणारे समुद्रातले मासे बघून आले. झालं! कोल्हापुरात समुद्र नाही म्हणून काय झालं, मासे हवेतच. व्हरांड्यात लोखंडी चौकटीचा, बैलगाडीएवढा काचेचा हौद उभा राहिला आणि माशांबद्दलची पुस्तकं वाचू शकणारा माणूस म्हणून माझी नेमणूक झाली. रोज शाळा सुटली की मी तिकडे जायचो आणि हुकूम सोडायचो.

हुकूम पाळायचे चाचा. ते धंद्याने पखाली. एक थोराड रेडा, त्याच्या पाठीवर कातड्याची पखाल, आणि चार पिढ्यांचं काम एकच, गावाला पाणी पुरवणं. रत्नागिरीहून समुद्राचं पाणी पिंपांत भरून आणायचं, आंबा घाट चढायचा, मलकापुराला मुक्काम करायचा आणि बंगल्याच्या फाटकापासून हौदापर्यंत ते पखालीतून वाहायचं, हे सगळं त्यांच्याकडे. पहिल्या खेपेला बावीस मासे हंड्यांतून आणले तेव्हा सगळ्या वाटेवर हा माणूस तांब्याने पाणी उपसून वरून पुन्हा हंड्यात सोडत बसला होता. "पान्याला बी दम घ्यावा लागतोय की," असं त्यांचं म्हणणं. बावीसपैकी वीस जिवंत पोचले. पुस्तकातल्या साहेबांचे याहून जवळच्या वाटेवर निम्मे मेले होते.

चाचा रोज सकाळी, कुणी उठायच्या आधी, हौदासमोर उकिडवे बसत. हलायचं नाही, बोलायचं नाही, विडीसुद्धा ओढायची नाही. मी विचारलं, "एवढं काय बघता?" तर म्हणाले, "मासा दिवसभर सोंग करतोय, मास्तर. दुखतंय म्हनून दाखीवलं तर दुसरा खाईल त्याला. पर सकाळी उठल्या उठल्या सोंग जमत न्हाय." मग कोण कल्ले भराभर हलवतोय, कोण दगडाला अंग घासतोय, कोण तुकडा तोंडात घेऊन थुंकतोय, हे ते बोटांच्या पेरांवर मोजून ठेवत. काळ्यापिवळ्या पट्ट्यांच्या चार माशांना त्यांनी 'पट्टेवालं' नाव दिलं होतं. कचेरीतल्या पट्टेवाल्यांसारखेच ते दगडांतल्या कपारीच्या दाराशी उभे राहून दुसऱ्याला आत जाऊ देत नसत. त्यातला एक एके दिवशी दगडामागे लपून राहिला, आणि चाचांनी त्याला तिथल्या तिथे आजारी ठरवलं.

दोन दिवसांनी त्याच्या अंगावर रव्याचे दाणे पेरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. मी पुस्तक उलटंपालटं केलं, काही सापडलं नाही. चाचांनी विहिरीचं पाणी उन्हात ठेवलं, हौदाच्या पाण्याइतकं कोमट झाल्यावर त्यात मासा सोडला, आणि माझा जीव खालीवर! समुद्राचा मासा गोड्या पाण्यात? मी ओरडलो, "अहो, मराल... म्हणजे तो मरेल!" चाचा शांतपणे आकडे मोजत होते. तीनशे झाल्यावर मासा उचलून वेगळ्या खाऱ्या हंड्यात ठेवला. दिवसाआड असं चारदा केलं आणि ठिपके गळाले! मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "कोकणात होडीच्या बुडाला कालवं चिकटली की खारवी लोकं होडी नदीत वर गोड्या पान्यात नेऊन बांधत्यात. कालवं मरत्यात, होडी ऱ्हाती. ह्ये ठिपकं बी चिकटल्यालंच की." मी पुस्तकाच्या समासात ते लिहून ठेवलं. त्यांचं नाव मात्र लिहिलं नाही. तेवढा मोठेपणा माझ्यात नव्हता.

आता खरी गोष्ट. चैत्र तापला. हौदाचं पाणी रोज बोटभर आटायला लागलं. माझा कडक हुकूम होता की समुद्राच्या माशांना समुद्राचंच पाणी मिळालं पाहिजे, विहिरीचा एक थेंबही हौदात पडता कामा नये. रत्नागिरीहून गाड्यांवर गाड्या येत होत्या आणि आम्ही मोठ्या ऐटीत हौद काठोकाठ भरत होतो. चाचा एकदा म्हणाले होते, "मास्तर, जरा गोडं बी घालूया का?" मी त्यांना असं झापलं की पुन्हा ते त्याबद्दल बोलले नाहीत. वैशाख लागला आणि मासे तळाशी बसले. पोहायचे पर मिटलेले, कल्ले धापा टाकल्यासारखे, खाण्याकडे बघेनात. एका आठवड्यात चार मेले.

सरकारांच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. व्याह्यांना हौद दाखवायचा म्हणून सरकारांनी गावभर सांगून ठेवलेलं. घोड्यांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी हौदाकडे पाहिलं, रेड्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "कातडं कुजलंय. पखालीतलं विष पाण्यात उतरतंय." बंगल्याचे कारभारी टपलेलेच होते. "मी म्हणतच होतो सरकार, त्या माणसाचा हातच नको!" रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे ती डोळ्यांदेखत घडत होती. सरकार चाचांना म्हणाले, "आठ दिवस देतो. मासे उठले तर ठीक. नाहीतर ही पखाल पुन्हा या फाटकात दिसता कामा नये."

चाचांचा चेहरा पांढराफटक पडला. बंगल्याचं एक काम गेलं असतं तर ते हसून सोडून देणारे होते. पण सरकारांनी पखाल विषारी ठरवली की दुसऱ्या दिवशी गावात त्यांचं पाणी कोण घेणार? चार पिढ्यांचं नाव धुळीला मिळणार होतं. आणि मला तर, खरं सांगतो, आतून बरंच वाटलं होतं. दोष पखालीवर गेला, पुस्तक बचावलं. असा मी.

सगळे गेल्यावर चाचांनी हौदातलं पाणी जिभेवर घेतलं आणि थू करून थुंकले. मग रत्नागिरीहून नुकत्याच आलेल्या पिंपातलं चाखलं. "मास्तर, ह्ये समुद्राचं पानी न्हाय. समुद्राच्या वरचढ झालंया."

"पाणी समुद्रातूनच आणलंय ना?" मी चिडून म्हणालो.

"आनलंय की. पर आटतंय ते निस्तं पानी. मीठ कुठं उडून जातंय? तुमच्या घरी आमटी आटली तर वहिनी वरनं पानी घालत्यात का मिठाचं पानी?"

चौथीच्या पोरांना मी फळ्यावर मिठागराचं चित्र काढून हेच शिकवत होतो की हो! तरीही तोंडाने हार मानेना. शेवटी चाचांनी घरून एक जुनं, दहा दिवसांचं अंडं आणलं. पिंपातल्या पाण्यात टाकलं, ते सावकाश बुडालं. हौदातल्या पाण्यात टाकलं, तर तरंगलं. जन्मात अंड्याला हात न लावलेल्या मी ते स्वतःच्या हाताने तीनदा टाकून पाहिलं, आणि तिन्ही वेळा ते माझ्याकडे बघत तरंगत राहिलं.

"मग ओता विहिरीचं!" मी म्हणालो.

"एकदम न्हाय. एकदम गोडं केलासा तर दचकून मरतील." त्यांनी शंकराच्या पिंडीवर टांगतात तशी, बुडाला भोक असलेली गळती हौदावर टांगली. हौदातलं खारट पाणी थोडं थोडं काढायचं आणि वरून विहिरीचं पाणी थेंब थेंब सोडायचं. पाच दिवस ती गळती त्याच पखालीतून भरत होती. रोज अंडं टाकायचं, रोज ते जरा खाली जायचं. तिसऱ्या दिवशी पर उघडले. पाचव्या दिवशी अंडं बुडालं आणि पट्टेवाल्यांनी दगडाच्या दाराशी पुन्हा मारामारी सुरू केली. ती मारामारी बघून आम्ही दोघं मोठी माणसं व्हरांड्यात टाळ्या पिटत होतो.

आठव्या दिवशी सरकार आले. सोळाच्या सोळा मासे काचेपाशी येऊन खाणं मागत होते. सरकारांची कळी खुलली. "शाबास मास्तर! शेवटी विद्या ती विद्या!"

मी चाचांकडे पाहिलं. चाचा हात जोडून म्हणाले, "व्हय सरकार. मास्तरांनीच सांगितलं. म्या निस्तं पानी वतलं."

मला घाम फुटला. हा माणूस माझी अब्रू झाकत होता. ज्याने त्याची अब्रू जाऊ दिली असती त्याची! "खोटं आहे, सरकार," मी म्हणालो. आवाज चढलाच माझा. "मासे माझ्या हुकुमामुळे मेले. रोग ह्यांनी ओळखला, औषध ह्यांनी दिलं, आणि ते औषध ह्याच पखालीतून आलं."

कारभारी अजून हटेनात. "असेल. पण कातड्यातलं पाणी ते कातड्यातलंच. माणसाने प्यावं असं थोडंच आहे?"

चाचांचं पाणी मी कधी प्यालो नव्हतो. आमच्या घरात ते चालत नव्हतं. मी चपला काढून अंगणात उतरलो, रेड्याजवळ उभा राहिलो आणि ओंजळ पुढे केली. "घाला, चाचा."

"मास्तर, घरात काय म्हंतील?"

"म्हणू द्यात. घाला!"

त्यांनी पखालीचं तोंड सैल केलं. निम्मं पाणी माझ्या सदऱ्यावर सांडलं. मी एक ओंजळ प्यालो, दुसरी मागून घेतली. सरकार कारभाऱ्यांकडे न बघताच म्हणाले, "आजपासून हौद ह्यांचा. ह्यांच्या हुकुमाशिवाय कुणी तांब्यादेखील ओतायचा नाही. मास्तर, तुम्हीसुद्धा." मी हो म्हणालो आणि मला रडू आलं. चाचा तर आधीच रडत होते.

घरी व्हायचं ते झालं. आईने आठवडाभर माझं पान ओसरीवर वाढलं आणि बोलणं तोडलं. पण गावात चाचांचं नाव झालं. सांगली-मिरजेकडचे हौशी लोक हंड्यात आजारी मासा घेऊन यायचे आणि विचारायचे, "माशाचं डाक्टर कुठं ऱ्हात्यात?" चाचा तेव्हा जरा जास्तच ताठ बसत, ते मला फार आवडायचं.

पुढे बऱ्याच वर्षांनी ते तापाने गेले. सरकारांच्या हौदातले मासे त्या दिवशी ठणठणीत होते. मी जनाज्याला गेलो आणि गर्दीच्या मागे, जरा संकोचून, उभा राहिलो. चाचांच्या थोरल्या मुलाने मला पाहिलं, मागे वळून लोकांना मोठ्याने म्हणाला, "सरका जरा. मास्तरांना म्होरं येऊ द्या," आणि जनाज्याखालचा स्वतःचा खांदा काढून घेऊन ती जागा मला दिली.