बेडकाच्या पाठीवरचा पट्टा

आमची नाटक कंपनी साताऱ्यात मोडली, तेव्हा मी तिथे पडदे रंगवत होतो. बोलपटांच्या त्या दिवसांत पडदे रंगवणाऱ्याला कुत्रंही विचारत नव्हतं. रहिमतपूरला घरी गेलो असतो तर थोरल्या भावाची मोट हाकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यामुळे सांगलीच्या एका कॉलेजातून बोलावणं आलं तसा धावत गेलो. लढाईपायी विलायतेहून वर्गात टांगायचे चित्रांचे तक्ते यायचे बंद झाले होते, आणि बेडकाचा जुना तक्ता कसरीनं खाल्ला होता. जीवशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले, "नवा करून दाखवा. जमला तर प्रयोगशाळेत कायमचे घेऊ."

पहिल्याच तक्त्यात मी घाण केली. मांजरपाटाचा एवढा मोठा तुकडा मोकळा सोडणं माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं. बेडकाच्या मागे नदी काढली, घाट काढला, वर संध्याकाळचं आभाळही काढलं. प्राध्यापकांनी तो पाहिला आणि म्हणाले, "नायिका कुठल्या बाजूनं प्रवेश करणार?"

दुसऱ्या तक्त्याला मात्र खरा बेडूक समोर घेऊन बसलो. आष्ट्याकडचा एक म्हातारा ओल्या पोत्यातून कॉलेजला बेडूक आणून द्यायचा. चार दिवस मी ब्रशच उचलला नाही, नुसते बेडूक पाहिले. अंग हिरवट, त्यावर काळसर डाग, आणि पाठीच्या मधोमध पिवळा पट्टा, धोतराच्या काठासारखा सरळ. तो ओढताना मी श्वास रोखून धरला होता. जन्मभर राजवाडे आणि ढगातले देव रंगवले, पण डोळ्यांपुढची वस्तू जशीच्या तशी काढायची ही माझी पहिलीच वेळ. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

प्राध्यापकांनी पुस्तक उघडून तक्त्याशेजारी धरलं.

"हा पट्टा कुठून आणलात?"

"बेडकाच्या पाठीवरून."

"पुस्तकात नाही."

पुस्तकातला बेडूक विलायतेचा, दुसऱ्याच जातीचा. हे त्यांनीच मला समजावून सांगितलं, तेही अगदी सौम्यपणे. पण परीक्षक बाहेरून यायचे आणि पुस्तकातलं चित्र पाहून गुण द्यायचे. मुलांचं नुकसान कशाला करायचं, असं त्यांचं म्हणणं. ते ओरडले असते तर मलाही तोंड सोडता आलं असतं. त्या सौम्यपणानं माझं डोकंच फिरलं.

म्हातारा कोपऱ्यात पोतं सोडत होता. तो म्हणाला, "आवं पेंटर, पट्टा न्हाई तर त्यो आपल्याकडचा बेडूकच न्हवं. आमी काय खोटं आणून देतो व्हय?"

त्याला काय सांगणार, कपाळ! मी सरसात हिरवा रंग कालवला आणि पाठीवर दोन हात दिले. पट्टा गेला, नोकरी लागली. पदरी पडलं आणि पवित्र झालं, अशी मनाची समजूत घातली.

त्यानंतर दरवर्षी मुलं यायची, पट्ट्याचा बेडूक समोर ट्रेमध्ये ठेवायची आणि भिंतीकडे बघून बिनपट्ट्याचा काढायची. कुणी चकार शब्द काढत नसे. एका वर्षी मात्र वर्गातल्या एकुलत्या एका मुलीनं वहीत तो पट्टा काढला, वर पिवळी पेन्सिलही फिरवली. मला हाक मारून म्हणाली, "पेंटर, माझ्या बेडकाला पट्टा आहे. तक्त्यात का नाही?"

प्राध्यापक तेव्हा खोलीत नव्हते. खरं सांगायला माझी जीभ कुणी धरली नव्हती. मी खिशातून रबर काढून तिच्यापुढे ठेवलं.

"पुसून टाका, ताई. गुण जातील."

"मग हा बेडूक समोर कशाला ठेवलाय?"

"पुसा म्हटलं ना!" मी खेकसलो. सगळा वर्ग वळून बघायला लागला. तिनं मान खाली घातली आणि पुसायला सुरुवात केली. माझा राग तिच्यावर नव्हताच, पण ऐकून घ्यायला तेवढी तीच होती.