गोठ्यात कोण खाकरलं

आमच्याकडं मोठा माणूस बायकांच्यात येताना आधी खाकरतो. हाक मारत नाही, कडी वाजवत नाही. घसा साफ केल्यासारखं करतो आणि दाराबाहेर जरा थांबतो. तेवढ्यात बायकांनी पदर सारखा करायचा, केस मोकळे असतील तर बांधायचे, मग तो आत येतो. माझे सासरे असंच करायचे, नवराही करायचा. हे कुणाला शिकवावं लागत नाही. खाकरल्याचा आवाज आला की माझा हात आपोआप डोक्यावर जातो, कोण आलंय ते कळायच्या आधी.

म्हणून त्या दुपारी काय झालं ते मला लगेच कळलं नाही.

उचगावात आमचं घर आहे आणि मागं पत्र्याचा गोठा. म्हशी मी आणि सून बघतो. मुलगा टँकरवर ड्रायव्हर आहे, आठ-आठ दिवस बाहेर असतो. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. त्या दुपारी सून गोठ्यातल्या हौदापाशी केस धूत होती. हौदातलं पाणी उन्हानं कोमट होतं, म्हणून ती तिथंच न्हाते. आतून कडी घातलेली असते, आम्ही दोघीच असतो, अंगावर काय आणि किती आहे याचा विचार कोण करतो. मी तिच्याकडं पाठ करून वैरण झाडत होते.

आणि पुरुष खाकरला.

मी पदर डोक्यावर घेतला आणि न बघताच म्हणाले, "जरा थांबा, सून न्हातीया."

मी वळून दाराकडं बघितलं. कडी लागलेली होती. फटीतनं बाहेर बघितलं तर अंगणात कुत्रं झोपलेलं, बाकी कुणी नाही. तेवढ्यात वरनं बारीक घरघर आली. सुनेनं डोळ्यांतला साबण पुसून वर बघितलं, मीही बघितलं. तुळईला लावलेला कॅमेरा हौदाकडं तोंड करून होता. आमच्या डोळ्यांदेखत त्यानं मान फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून थांबला.

मी त्याला थांबा म्हणाले होते आणि त्यानं ऐकलं होतं. मी वैरणीवरच बसले.

तो कॅमेरा मुलानं शाहूपुरीतल्या एका दुकानातनं आणला होता. एक म्हैस गाभण होती, आणि मागच्या खेपेला रेडकू आडवं आलं तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता तो टँकरवर असला तरी मोबाइलवर म्हैस बघायचा आणि मला फोन करून सांगायचा, आई, ती उठबस करतीय, बघ जाऊन. कॅमेऱ्याला खाली बारीक भोक आहे, त्यातनं मोबाइलवर बोललेलं इकडं आणि इकडचं तिकडं ऐकू जातं. त्याला इंटरनेट लागतं. केबलवाल्यानं वायफायचा डबा बसवून दिला, घर आणि गोठ्याच्या मधल्या भिंतीवर. डब्याला हिरवे दिवे आहेत. ते लुकलुकत असले की सगळं ठीक, असं तो सांगून गेला.

दूध न्यायला लोक गोठ्यातच येतात. समोर पिळलेलं घेतात, काही तिथंच उभं राहून पितात. पैसे आता मोबाइलनं देतात, स्कॅनरचा बोर्ड दाराला लटकवलेला असतो. पण पत्र्याच्या आत मोबाइलला रेंज येत नाही. माणसं हात वर करून फिरायची, चाक फिरतंय, चाक फिरतंय म्हणायची, आणि मागच्यांचा खोळंबा. म्हणून मी वायफायचा पासवर्ड गोठ्याच्या दारावर खडूनं लिहिला. मी चौथी शिकले आहे, इंग्रजी येत नाही. सुनेनं कागदावर लिहून दिलेली अक्षरं मी चित्र काढावं तशी काढली. पुसट झाली की पुन्हा गिरवायची. पाणी मागितलं की देतो, तसं ते लोकांना दिलं होतं. त्यात भिण्यासारखं काय असतं ते मला माहीत नव्हतं.

सुनेनं अंग गुंडाळलं, स्टूल आणून त्यावर चढली आणि कॅमेऱ्यावर बारदान बांधलं. खाली उतरली तेव्हा तिचे दात वाजत होते. ऊन मरणाचं होतं.

घरात गेल्यावर तिनं आधी नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, मी गाडी चालवतोय, मी कशाला बघू, सकाळपासनं मोबाइल उघडलेला नाही. तिनं फोन ठेवला आणि माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आत्या, खरं सांगा. माझ्यावर नजर ठेवायला तुम्ही त्यास्नी सांगितलासा व्हय?"

मला राग आला नाही. घरात कॅमेरा लावायचा, त्याची मान फिरवायचं बटण नवऱ्याच्या हातात, आणि दिवसभर सोबत सासू. दुसरं कुणाचं नाव तिच्या मनात येणार. गेले काही दिवस कॅमेऱ्याचं तोंड हौदाकडं वळलेलं असायचं, हे तिनंही बघितलं होतं आणि मीही. तिला वाटलं नवरा बघतोय. मला वाटलं मुलाला हौदात पाणी आहे का ते बघायचं असेल. दोघी एकमेकींना बोललो नव्हतो.

मी म्हणाले, "माझा पोरगा तसा खाकरत न्हाई. त्यो खोकतो. आणि मला तुझ्यावर नजर ठेवायची असंल तर मला डोळं हाईत."

ते तिला पटलं, आणि पटल्यावर ती जास्त घाबरली. नवरा असता तर निदान नवरा होता. आता कुणी परका होता. त्यानं काय बघितलं, किती दिवस बघितलं, मोबाइलात ठेवलं का, कुणाला पाठवलं का. ती म्हणाली, "माझा फोटो फिरला तर मी मलकापूरला कुठल्या तोंडानं जाऊ?" तिचं माहेर मलकापूरला, घरात दोन भाऊ, दोघंही तापट. मी तिला उगं समजूत घालत बसले नाही. मलाही तीच भीती होती.

केबलच्या ऑफिसात फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, डबा बंद करून परत चालू करा. आम्ही केला. दिवे परत तसेच लुकलुकले. कॅमेऱ्यावर बारदान होतं, पण बारदानाच्या आत तो बघत असेल असं वाटत होतं. ऐकत तर असणारच. आम्ही गोठ्यात बोलणं सोडलं. म्हशीला हाक मारायलाही तोंड उघडत नव्हतं.

पुढचे दिवस मी प्रत्येक गिऱ्हाइकाचा घसा ऐकत होते. सकाळ-संध्याकाळ माणसं यायची, एमआयडीसीत जाणारी, दुकानवाली, म्हातारी, तरणी. कुणी खाकरलं की धार काढताना माझा हात थांबायचा आणि म्हैस पाय झाडायची. त्या बारक्या भोकातनं आलेला आवाज फाटका होता, कुणाचाही असता. जो हसून बोलला तो तोच वाटायचा. जो न बोलता गेला तो जास्त वाटायचा. सून दूध मापायला बाहेर येईना. विचारलं की मी सांगायचे, ताप आहे. मला एवढं कळलं होतं की हा कुणी लांबचा चोर नाही. लांबच्या चोराला कशाला सुचेल खाकरायला? बाईला न्हाताना बघून ज्याचा घसा आपोआप वाजला, तो आमच्यातलाच होता. आमच्या अंगणात दुधाचं भांडं घेऊन उभा राहणारा. त्याचीच मला भीती वाटत होती.

शेवटी सूनच म्हणाली, डबा कोरा करू. डब्याच्या मागं बारीक भोक असतं, त्यात टोकदार काही घालून दाबून धरलं की जुनं सगळं पुसलं जातं, असं तिनं मोबाइलवर वाचलं होतं. मी पोती शिवायचं दाभण आणलं. मी दाबून धरलं, ती दिवे बघत होती. सगळे दिवे एकदम विझले आणि मला वाटलं आता जळलं. मग एक एक परत लागले, पण इंटरनेटचा लाल झाला. नेट गेलं ते गेलंच. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी नीट झोपले.

केबलवाला आला आणि माझ्यावरच ओरडला, कुणी सांगितलं तुम्हाला दाबायला, आतली सगळी सेटिंगं गेली म्हणून. मी त्याला म्हणाले, माझ्या गोठ्यात परका माणूस खाकरतोय, तू त्याचं काय करणार ते सांग. मग तो खाली बसला. सुनेनं विचारल्यावर त्यानं कबूल केलं की डब्याचा आतला पासवर्ड तो सगळ्यांकडं एकच ठेवतो, त्याच्या सोयीसाठी. आणि कॅमेऱ्याचा म्हणाल तर दुकानातनं येतो तोच असतो, कुणी बदलत नाही. म्हणजे दारावरचा खडू वाचून कुणीही आमच्या वायफायवर यायचं, आणि पुढचं कुलूप म्हणजे नुसतं लावल्यासारखं दिसणारं. त्यानं त्याचं काम केलं आणि परत तोच पासवर्ड टाकायला निघाला.

सून म्हणाली, "तुम्ही तिकडं तोंड करून बसा. मी टाकतो."

तो भिंतीकडं तोंड करून बसला. तिनं वायफायचा बदलला, डब्याचा बदलला, कॅमेऱ्याचा बदलला, तिन्ही वेगवेगळे. मलाही सांगितले नाहीत. मी विचारले नाहीत. मी ओलं फडकं घेतलं आणि गोठ्याचं दार घासलं. खडू लाकडात मुरला होता, बराच वेळ घासावं लागलं. स्कॅनरचा बोर्ड काढून बाहेर रस्त्याकडंच्या खांबाला बांधला, तिथं रेंज येते. गिऱ्हाइकं कुरकुरली. मी म्हणाले, दूध आत प्या, पैसे बाहेर द्या.

तेवढ्यानं भीती जाईल असं वाटलं होतं. गेली नाही. आता तो बघू शकत नव्हता, पण आधी बघितलेलं त्याच्याकडं होतंच.

चार-पाच दिवसांनी सकाळी मी एकटीच धार काढत होते. दाराबाहेर कुणी खाकरलं आणि थांबलं. माझा हात डोक्यावर गेला. आत आले ते माझे चुलत दीर. पलीकडच्या परड्यात त्यांचं घर, मध्ये एक भिंत. वयानं साठीच्या पुढं, गल्लीत मान आहे. माझ्या नवऱ्याच्या दिवसकार्याला सगळं त्यांनीच उभं राहून केलं होतं. त्यांच्या घरी दूधदुभतं आहे, पण आमच्या त्या एका म्हशीचं दूध त्यांना आवडतं, म्हणून अधनंमधनं येतात. स्टुलावर बसले. पाऊसपाण्याचं बोलले. मग गाभण म्हशीकडं बघत म्हणाले, "वैनी, तिच्या खुराचं कसं हाय आता? लई दिवस झालं, काय कळंना झालंय."

तिच्या खुराला खिळा लागला होता. तो लागला त्याच दिवशी सकाळी, गिऱ्हाइकं गेल्यावर, आम्ही दोघींनी हळद भरून फडकं बांधलं होतं, आणि त्याच दिवशी दुपारी ते खाकरणं. संध्याकाळची गिऱ्हाइकं यायच्या आत फडकं काढलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, मुलालासुद्धा नाही.

मी भांडं खाली ठेवलं. म्हणाले, "भावजी, तुम्हाला खुराचं कोण बोललं?"

मग त्यांच्या लक्षात आलं. माणसाचा रंग उतरतो म्हणतात, तो मी तेव्हा बघितला. हळूहळू सांगितलं. त्यांच्या गोठ्यातही तसलाच कॅमेरा आहे. दुधाचे पैसे द्यायला त्यांनी आमचं वायफाय घेतलं होतं, ते त्यांच्या सोप्यापर्यंत पोचायचं. एक दिवस मोबाइलवर स्वतःचा कॅमेरा बघताना तिथं दुसरा एक दिसला. दाबला, पासवर्ड मागितला, त्यांनी स्वतःचाच, दुकानातनं आलेला, टाकला. उघडला. म्हशी दिसल्या.

"म्हशीच बघत हुतो, वैनी," ते म्हणाले. "ती न्हाताना दिसली तवा मी खाकरलो की. तोंडबी फिरवलं त्याचं."

आतल्या दाराशी सून उभी होती. कधी आली मला कळलं नाही. डोक्यावर पदर होता, बाहेर येईना झाल्यापासनं पहिल्यांदाच धारेच्या वेळी गोठ्यात आली होती.

मी म्हणाले, "खाकरलासा ते एकदा. बघितलासा किती दिवस?"

त्यांनी मान खाली घातली. मी परत विचारलं नाही. हौदाकडं कॅमेऱ्याचं तोंड वळलेलं आम्ही कितीदा बघितलं होतं ते आम्हाला माहीत होतं.

सून पुढं आली आणि हात पुढं केला. एवढंच म्हणाली, "मामंजी, मोबाइल द्या." ती त्यांच्याशी कधी असं बोलली नव्हती. त्यांनी दिला. तिनं तिथंच उभं राहून सगळे फोटो बघितले, एक एक. नातवंडं होती, म्हशी होत्या, लग्नाच्या पंगती होत्या. तिचं काही सापडलं नाही. मोबाइल परत देताना तिनं हातात दिला नाही, हौदाच्या कठड्यावर ठेवला. ते उचलून गेले. तेव्हापासनं दूध न्यायला आले नाहीत. बायको येते. तिला काही माहीत नाही, आम्ही सांगितलेलं नाही. मुलालाही सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो टँकर सोडून पहिला त्या भिंतीवरनं पलीकडं जाईल.

सापडलं नाही म्हणजे नव्हतं का पुसलं होतं, हे आम्हाला कधी कळणार नाही. सून आता घरात न्हाते, खिडकीला आतून चादर लावते. मलकापूरला भावाच्या पोराच्या बारशाला जायचं होतं, गेली नाही. म्हैस व्याली, रेडी झाली, सगळं नीट झालं. ते आम्ही दोघींनी समोर बसून बघितलं. कॅमेऱ्यावरचं बारदान काढलं नाही.

अजून कुणी दाराबाहेर खाकरलं की माझा हात डोक्यावर जातो. पण आता मी आधी वर तुळईकडं बघते, आणि मग दाराकडं.