जॉबर चुकत नसतो

धुळाप्पांनी अडतीस वर्षं सोलापुरात चादरीच्या कारखान्यात जॉबरकी केली. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. पट्टा तुटला, धोटा उडाला, माग अडून बसला, की कारागीर हात वर करून हाक मारायचा आणि हातात पाना घेऊन धुळाप्पा हजर. सगळा कारखाना त्यांना आप्पा म्हणायचा, आता कुंभारीतली सगळी कामगार वसाहत म्हणते.

कान असा की चाळीस मागांच्या खडखडाटात कोणता माग कण्हतोय ते डोळे मिटून सांगत. शिस्तही तशीच कडक. एखाद्या कारागिरानं घामेजलेला टॉवेल मोटारीवर वाळत घातलेला दिसला, की तो टॉवेल थेट रस्त्यावर जायचा. “मोटारीला बी श्वास लागतो, लेका,” असं वर ऐकवायचे.

गुणांच्या ह्या राशीत एकच खडा होता. आप्पांना आपली चूक कबूल करता येत नसे. दुरुस्त केलेला माग तासाभरात पुन्हा अडला आणि मालकानं विचारलं, की आप्पा शांतपणे सांगायचे, “जॉबर चुकत नसतो. सूत कच्चं हाय.” सूत बिचारं कुठं बोलतंय? त्यामुळं हे अडतीस वर्षं खपून गेलं.

कारखाना बंद झाला त्या दिवशी अकरा नंबरच्या मागावरून शेवटची एक चादर उतरली. डाळिंबी रंगाची, काठावर मोरांची रांग. आप्पांनी ती मागून घेतली, घरी आणून ट्रंकेत ठेवली आणि डांबराच्या गोळ्या टाकून कुलूप लावलं. सहा वर्षं ती कुणाच्या अंगावर पडली नाही.

घरात आप्पा आणि सून वैजयंती, दोघंच. मुलगा अमृत चाकणला कंपनीत, महिन्यातून एकदा येतो. वैजयंती माणूस कमी बोलणारं आणि कामाला वाघ. तिनं इडली-डोशाचं पीठ वाटून विकायला सुरुवात केली आणि वर्षभरात अर्धी वसाहत तिची गिऱ्हाईक झाली. दिवाळीत तिनं स्वतःच्या कमाईतून एक जुना, एका दाराचा फ्रीज विकत घेतला. फ्रीज टेम्पोतून उतरला तेव्हा आप्पा उठले. आत गेले, ट्रंक उघडली, मोरांची चादर काढली आणि फ्रीजवर घातली. डोक्यावरून, दोन्ही कुशींवरून, मागून पार खालपर्यंत. समोरचं दार तेवढं मोकळं. नीट चुण्या काढून खाली खोचली आणि फ्रीज भिंतीला सरकवून टाकला. आप्पांना तोंडानं कौतुक करता येत नाही, हे वैजयंतीला ठाऊक होतं. ती नुसती हसली.

थंडी गेली, एप्रिल लागला. ऊन असं की दुपारी नळाचं पाणीसुद्धा अंघोळीला चालावं. आणि एका मंगळवारी फ्रीजनं मान टाकली. आतला दिवा लागायचा, पण गारवा नाही. मागून थोडी घुरघुर व्हायची आणि मग ‘टक्’. पाच मिनिटांनी पुन्हा घुरघुर, पुन्हा ‘टक्’. संध्याकाळपर्यंत पिठाच्या पिशव्या फुगून बसल्या.

एक मिस्त्री आला. त्यानं उंबऱ्यातूनच कान दिला, “कॉम्प्रेसर गेला, नवाच फ्रीज घ्या,” म्हणाला आणि चहा पिऊन गेला. वैजयंतीनं अमृतला फोन लावला. हात पिठात असल्यामुळं स्पीकर चालू होता.

“रविवारी येतो, हप्त्यावर नवा घेऊ,” अमृत म्हणाला. “आणि आप्पांना हात लावू देऊ नको त्याला. मिक्सरचं काय केलं आठवतंय ना? वय झालं आता त्यांचं.”

आप्पा शेजारीच शेंगा निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण ते बोलणं त्यांच्या जिव्हारी लागलं. हातातलं कसब गेलं तर आपल्याजवळ उरतं काय, असा प्रश्न त्यांना पडला.

“वैजू,” फोन बंद झाल्यावर ते म्हणाले, “मला एकदा बघू दे.”

वैजयंतीनं थोडा विचार केला. रविवारी पलीकडच्या गल्लीत प्रियंकाच्या बाळाचं बारसं होतं आणि दहा किलो पिठाची ऑर्डर तिनं घेतली होती. ह्या उन्हात फ्रीजशिवाय दहा किलो पीठ म्हणजे दहा किलो आंबट फेस. “शनिवारी दुपारपर्यंत बघा, मामा,” ती म्हणाली. “न्हायच झालं तर त्यास्नी येळंवर सांगाया पायजे.”

बुधवारी सकाळी आप्पांनी काम काढलं. आधी प्लग उपसला. मग चादर उतरवून तिची चौघडी केली आणि खाटेवर ठेवली. फ्रीज फिरवून मागं बसले. मागच्या काळ्या जाळीखाली कॉम्प्रेसरचा काळा गोळा, त्याच्या कुशीला प्लॅस्टिकची डबी आणि डबीत दोन बारके पार्ट. एक रिले, तो कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देतो. दुसरा ओव्हरलोड, कॉम्प्रेसर फार तापला की तो वीज तोडतो. कोणती वायर कुठली हे विसरू नये म्हणून आप्पांनी मागावरची जुनी युक्ती केली, प्रत्येक वायरीला वेगळ्या रंगाच्या सुताची गाठ मारली. मग रिले ओढून काढला आणि कानाशी धरून हलवला. आत खुळखुळ वाजलं. चांगला रिले वाजत नाही. आप्पांचा चेहरा असा उजळला की जणू पोर पास झालं.

विजापूर वेशीजवळ शेखलालचं सुट्या पार्टांचं दुकान आहे. दुकान कसलं, बोळ. पण फ्रीज-कूलरचा कुठलाही पार्ट सांगा, शेखलाल न बघता हात घालून काढतो. त्यानं रिले हलवून बघितला.

“हा फुटला, आप्पा. पण कॉम्प्रेसर जिवंत हाय का बघितलं?”

“कसा बघायचा?”

शेखलालनं आपला मीटर हातात दिला आणि शिकवलं. कॉम्प्रेसरला तीन पिना असतात, दोन-दोन धरून तिन्ही जोड्यांचं माप घ्यायचं, तिन्हीकडं आकडा आला पाहिजे. एकही पिन अंगाच्या पत्र्याशी बोलता कामा नये. आप्पांनी घरी येऊन तसंच केलं. तिन्ही आकडे आले, पत्रा मुका राहिला. नवा रिले, नवा ओव्हरलोड, सुताच्या गाठी बघत वायरी जागच्या जागी. प्लग लावला आणि फ्रीज सुरू झाला. ह्या वेळी घुरघुर मधेच थांबली नाही. आप्पा तासभर त्याच्यासमोर बसून राहिले. बर्फाच्या कप्प्यात हात घालून बघितला, गार. मग समाधानानं चहा प्यायले, फ्रीज भिंतीला लावला आणि त्याच्यावर चादर घातली. चुण्या काढून, खोचून.

गुरुवारी दुपारी दोन वाजता, ‘टक्’.

वैजयंतीनं त्यांच्याकडं बघितलं. “पार्ट कच्चा निघाला,” आप्पा म्हणाले.

शुक्रवारी दुसरा जोड आणला, भारीतला. पुन्हा चौघडी, पुन्हा गाठी, पुन्हा गारवा, पुन्हा चहा, पुन्हा चादर. शनिवारी सकाळी नऊच्या आतच, ‘टक्’. वैजयंतीनं उरल्या पिशव्या पाटीत भरल्या आणि शेजारच्या काशम्माच्या फ्रीजमध्ये ठेवून आली. ती चिडली असती तर आप्पांना बरं वाटलं असतं.

“मामा, तांदूळ-उडीद भिजवलंय,” ती म्हणाली. “बारा वाजेपतूर वाट बघते. मग प्रियंकाच्या सासूला न्हाय म्हणून सांगून येते.”

आप्पांनी दोन्ही पार्ट काढून खिशात टाकले आणि रिक्षा धरली.

“क्या जी आप्पा, फिर?” शेखलाल त्यांना बघून म्हणाला.

“तिसरा दे. चांगला दे. तुझा माल कच्चा हाय.”

शेखलालनं रिले घेतला, कानाशी हलवला. आवाज नाही. मीटर लावला. मग ओव्हरलोड तपासला. दोन्ही काउंटरवर ठेवले आणि म्हणाला, “तिसरा देत न्हाय. हे दोन्ही ठणठणीत हायेत. ओव्हरलोड त्याचं काम करतोय, कॉम्प्रेसर तापला की बंद करतोय. आता तापतोय कशानं ते बघा. आप्पा, बसा. तुमी घरी काय काय करता, सुरुवातीपासून सांगा.”

आप्पा बसले. प्लग उपसण्यापासून त्यांनी सांगायला सुरुवात केली. गाठी, पिना, डबी. शेखलाल मान हलवत होता.

“सुरू झाल्यावर?”

“तासभर बसतो. आवाज ऐकतो. बरोबर असतो आवाज.”

“मग?”

“मग चहा घेतो.”

“मग?”

“मग चादर घालतो की.”

शेखलालची मान हलायची थांबली. “कुटं घालता?”

“फ्रीजवर. पार मागपतूर. धूळ न्हाय बसत.” एवढं बोलून आप्पाही थांबले.

आतली उष्णता बाहेर टाकायला ती काळी जाळी असते, हे शेखलालनं त्यांना सांगितलं नाही. गरज नव्हती. मोटारीवरून ओढून रस्त्यावर भिरकावलेले ते सगळे टॉवेल आप्पांच्या डोळ्यांपुढून चालले होते. थंडीत चादर निभली, एप्रिलमध्ये फ्रीज गुदमरला, पहिला रिलेही त्यातच फुटला. आणि तो पुन्हा पुन्हा गुदमरावा म्हणून आपण प्रत्येक वेळी चुण्या काढून, खोचून ठेवला. आप्पांना लाज वाटली. म्हातारपणी, दुकानात, स्टुलावर बसून, पोटातून लाज वाटली.

शेखलालला ते दिसलं. दोन्ही पार्ट कागदात बांधून देत तो हळूच म्हणाला, “घरी सांगा, पार्ट खराब होता, शेखलालनं बदलून दिला. आपलं काय जातंय? माझ्यावर घाला.”

आप्पा घरी आले तेव्हा पावणेबारा झाले होते. वैजयंती चपला घालून दारातच उभी होती. “मिळाला पार्ट?” तिनं विचारलं. आप्पांनी नुसता हात दाखवला, म्हणजे थांब. पार्ट बसवले, गाठी जुळवल्या. फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढं घेतला. तोवर कॉम्प्रेसर निवला होता. प्लग लावला. घुरघुर सुरू झाली. चादर खाटेवर चौघडीतच राहिली.

बारा वाजले, साडेबारा झाले. फ्रीज चालू होता. वैजयंती चपला काढून बर्फाच्या कप्प्यात हात घालून उभी होती, तेवढ्यात अमृतचा फोन आला. तिनं स्पीकर लावला.

“उद्या येतोय. दुकानात नवा बघून ठेवलाय.”

“अहो, नवा नको. चालू झालाय.”

“खरंच? मग आधीचे पार्ट डुप्लिकेट असणार. तरी मी म्हणत होतो.”

वैजयंती आप्पांकडं बघून हसली. तिच्या मनातही तेच होतं. मुलगा, सून आणि तिकडं शेखलाल, तिघांनी मिळून आप्पांना वाट मोकळी करून दिली होती. नुसतं ‘व्हय’ म्हटलं की काम भागत होतं. आप्पा उठले, फोनजवळ आले आणि घसा खाकरला.

“अमृत, पार्ट चांगला हुता. सूत पक्कं हुतं. जॉबर चुकला.”

बापाच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा असलं वाक्य ऐकून अमृत घाबरलाच. “आप्पा, तब्येत बरी आहे ना?” त्यानं विचारलं.

“झकास हाय. तू सावकाश ये.”

फोन ठेवल्यावर आप्पांनी वैजयंतीला चादरीचं सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. ऐकून तिनं खाटेवरची चौघडी उचलली आणि मोरांवरून हात फिरवला.

“गिऱ्हाईक आलं की मी दावायची त्यास्नी,” ती म्हणाली. “माझ्या फ्रीजला सासऱ्यानं शेवटची चादर नेसवली म्हणून. मला लई भारी वाटायचं, मामा. आता काढायची म्हटल्यावर कसंतरीच होतंय.”

आप्पांना तोंडानं कौतुक करायची सवय नव्हती, आणि एका दिवसात किती म्हणून नवं करायचं माणसानं! तरी त्यांनी करून बघितलं.

“ती फ्रीजसाठी नव्हतीच, पोरी. तुझ्यासाठी काढली हुती. तवा म्हणता आलं न्हाय. तुझ्या अंथरुणात घे, थंडी पडली की पांघर. वापरायलाच विणलीय.”

वैजयंतीनं चादर छातीशी धरली आणि पटकन पाठ फिरवली. मग आत नेऊन ठेवली, डोळे पुसले, भिजवलेला तांदूळ उपसला आणि ग्राइंडर चालू केला. आप्पा खाटेवर बसून ऐकत राहिले. ग्राइंडर गरगरत होता, त्याच्या आवाजाखाली फ्रीज संथ चालला होता, आणि दोन्हींतलं एकही कण्हत नव्हतं.