आग्नेयवादी

देव आहे की नाही, या प्रश्नाचा निकाल कधी लागलाच, तर तो आमच्या खालच्या काकांना सगळ्यांत शेवटी सांगावा, अशी माझी दोन्ही पक्षांना नम्र सूचना आहे. कारण निकाल कुठल्याही बाजूने लागो, काका चष्मा कपाळावर सरकवणार आणि म्हणणार, "पाहू." इतक्या वेळा 'पाहू' म्हणणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही. जयपूरच्या प्रताप नगरात हाउसिंग बोर्डाच्या घरांत आम्ही वरच्या मजल्यावर आणि ते खाली, म्हणून ते खालचे काका. माझे बाबा बँकेत, काका विमा कंपनीत. आम्ही साताऱ्याकडचे, ते अमरावतीचे. दोघांचीही बदली थोड्या दिवसांची म्हणून झाली आणि दोघेही तिथेच मुरले. त्यामुळे माझं माहेर जयपूर. पुण्यात हे सांगितलं की लोकांना वाटतं, मी लहानपणी हत्तीवर बसून शाळेत जात असेन. मी सिटी बसने जायचे, आणि बसस्टॉपपर्यंत सोडायला काका यायचे. "काका, बस येईल ना?" असं विचारलं की म्हणायचे, "पाहू बाप्पा. काल आली म्हणून आज येईलच असं कसं सांगू?" बस समोरून वळताना दिसत असायची, तरी हे चालूच.

आता गंमत बघा. देवाबद्दल काहीही कबूल न करणारा हा माणूस दर दुसऱ्या वाक्याला 'बाप्पा' म्हणायचा. त्यांच्या अमरावतीकडे तो शब्द असाच येता-जाता तोंडात येतो, त्यात भक्ती वगैरे काही नसते. पण माझी आई कसली सोडतेय! एकदा म्हणाली, "भाऊजी, तुम्ही दिवसातून जितक्यांदा बाप्पाला हाक मारता ना, तितकी मी चतुर्थीलासुद्धा मारत नाही." काका म्हणाले, "वहिनी, ती हाक नाही, सवय आहे." आई म्हणाली, "मग आमचं तरी दुसरं काय असतं?" त्यावर काका बराच वेळ चष्मा पुसत बसले.

काकू त्यांच्या अगदी उलट. ठेंगणीशी मूर्ती, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि हसणं असं की वरच्या मजल्यावर आम्हाला विनोद न कळता हसू यायचं. स्वयंपाकघरात त्यांचा छोटा देव्हारा होता. त्यातल्या देवांशी त्या घरच्या माणसांसारख्या बोलायच्या, प्रसंगी रागवायच्यासुद्धा. देवांवर त्यांचा भरवसा पूर्ण होता. अडचण होती ती नवऱ्याच्या तोंडून एखादी गोष्ट ठाम वदवून घेण्याची. "वांग्याची भाजी कशी झालीय?" तर म्हणे, "माझ्यापुरतं विचारशील तर बरी." काकू कपाळाला हात लावायच्या. "अहो, मला बघायला आले तेव्हा बाबांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का? तर हे म्हणतात, नापसंत म्हणायला काही कारण दिसत नाही! तेव्हाच उठून आत जायला हवं होतं मी." आणि मग हसून हसून डोळे पुसत म्हणायच्या, "एकदा, फक्त एकदा या माणसाच्या तोंडून 'हो, नक्की' ऐकायचंय मला. त्या दिवशी देव पावला म्हणेन." काका पेपरमागून म्हणायचे, "पाहू."

मी सातवी-आठवीत असेन. शाळेत कुणीतरी नास्तिक म्हणजे काय ते सांगितलं आणि मला वाटलं, अरे, हे तर आमचे खालचे काका! धावत गेले आणि विचारलं, "काका, तुम्ही नास्तिक आहात का? मतलब, पक्के?" काकांनी पेपर खाली ठेवला. मुलांच्या प्रश्नाला ते नेहमी पेपर खाली ठेवून उत्तर द्यायचे. म्हणाले, "हे पाह्य. आस्तिकाला खात्री असते की देव आहे. नास्तिकाला खात्री असते की देव नाही. मला कशाचीच खात्री नाही. मले माहीत नाही, अन् ते कबूल करायला मले लाजही नाही. अशा माणसाला अज्ञेयवादी म्हणतात." शब्द मला भारीच आवडला. पण आपण मराठीत 'ज्ञ' म्हणताना 'द्न्य' म्हणतो, आणि जयपूरच्या शाळेत तो 'ग्य' असतो. ज्ञान म्हणजे ग्यान, विज्ञान म्हणजे विग्यान. तेव्हा काकांचा अद्न्येयवादी जिना चढेपर्यंत माझ्या तोंडात अग्येयवादी झाला होता. आमच्या समोर राहणाऱ्या भाभीजी जिन्यातच गहू निवडत बसल्या होत्या. त्या चारदीवारीत, म्हणजे कोटाच्या आतल्या जुन्या शहरात, जन्मलेल्या, वाढलेल्या, अस्सल जयपूरच्या. मी त्यांना ऐटीत सांगितलं, "पता है भाभीजी, नीचेवाले अंकल अग्येयवादी हैं." भाभीजींचे हात थांबले. "आग्नेयवादी? अच्छा! तभी मैं सोचूँ, इतने चुप-चुप क्यों रहते हैं."

आग्नेय म्हणजे वास्तुशास्त्रातला अग्नीचा कोपरा, जिथे चूल असावी म्हणतात तो. संध्याकाळी भाभीजी डोक्यावर पदर घेऊन खाली हजर. "अंकलजी, पधारो. हमारी रसोई का आग्नेय देख दीजिए, जब से आए हैं बरकत नहीं है." काकांना काही कळेना. ते त्यांच्या अमरावतीच्या हिंदीत सांगू लागले की मैं वो नहीं हूँ, मेरे को ये सब मालूम नहीं. भाभीजींनी हात जोडले. "बड़े लोग ऐसे ही कहते हैं." आता काकांना नाही म्हणता यायचं नाही, कारण नाही म्हणायलाही खात्री लागते. गेले बिचारे. स्वयंपाकघरात उभे राहिले, चष्मा कपाळावर सरकवला आणि सवयीने म्हणाले, "देखते हैं." आणि जन्मभर विम्याचे दावे तपासलेला माणूस तो, त्याची नजर कोपऱ्यावर कशाला जाते? ती गेली गॅसच्या नळीवर. वाकून वास घेतला, बोट फिरवलं, आणि नळी शेगडीपाशी चिरलेली निघाली. "ये आज के आज बदलिए," असं त्यांनी सांगितलं मात्र, भाभीजींच्या डोळ्यांत पाणीच आलं. नुसत्या नजरेने दोष ओळखला अंकलजींनी!

झालं. बातमी कॉलनीभर. रोज कुणीतरी दाराशी, अंकलजी, ज़रा आग्नेय. काकांनी आधी समजावून पाहिलं, मग नाद सोडला. संध्याकाळी टॉर्च घेऊन निघायचे, नळ्या बघायचे, रेग्युलेटर घट्ट करायचे, सिलिंडर खिडकीपाशी सरकवायला लावायचे, आणि दिशा कुठली विचारली तर म्हणायचे, "दिशा का मालूम नहीं, खिड़की खुली रखो." लोक ते श्रद्धेने पाळायचे. देवाधर्माच्या नावाने आमच्या कॉलनीत झालेलं सगळ्यांत मोठं काम म्हणजे गॅसच्या नळ्या बदलल्या गेल्या, आणि ते केलं एका अज्ञेयवाद्याने. काकू हसून लोळायच्या. "घरातल्या देवाला कधी हात जोडले नाहीत, अन् लोकांच्या शेगड्यांपुढे वाकून राहिले!"

हात जोडत नसत हे खरं. पण सकाळच्या फिरण्यातून येताना त्यांच्या रुमालात प्राजक्ताची फुलं असायची. ती ते ओट्यावर ठेवायचे, देव्हाऱ्यापाशी नाही. "झाडाखाली पडली होती. तुडवली गेली असती. पुढे त्यांचं काय करायचं, ते घरातल्या मंडळींनी पाहावं." समईत तेलही तेच घालायचे. मी एकदा पकडलं, तर म्हणाले, "तेल घालणं म्हणजे पूजा नाही. देखभाल आहे." चारदीवारीतल्या देवळात आम्ही सगळे मिळून जायचो तेव्हा काका बाहेर आमच्या चपला सांभाळत उभे राहायचे. आतही नाही आणि घरीही नाही, बरोबर दारात. त्यांना तिथे असं रुबाबात उभं बघून परकी माणसंही चपला ठेवून जायची. एका बाईंनी टोकन मागितलं, तर काका म्हणाले, "टोकन नहीं है. भरोसा रखिए." हे मी या कानांनी ऐकलं आहे. आणि प्रसाद? प्रसादाला त्यांनी कधी पुरावा मागितला नाही. शिरा असेल तर दुसऱ्यांदाही हात पुढे करायचे.

संक्रांतीला मात्र त्यांच्याशी वाद घालायची हुक्की सगळ्यांना यायची, कारण त्या दिवशी जयपुरात कुणी घरात नसतंच, सगळं शहर गच्चीवर पतंग उडवत. एकदा भाभीजींनी त्यांना गाठलं. "अंकलजी, हवा दिखती है क्या? फिर भी है ना? भगवान भी वैसे ही." काकांनी ढील देता देता वर बोट केलं. "हवा का पतंग दिखता है, भाभीजी. आपके भगवान का पतंग दिखाइए." तिळाच्या वड्यांचं ताट घेऊन आलेल्या काकू तेवढ्यात म्हणाल्या, "वडी घ्या, अन् गोड बोला जरा." काकांनी वडी घेतली आणि तेवढ्यात कुणीतरी त्यांचा पतंग काटला. कॉलनीने तो निकालच समजला.

पुढे माझं लग्न झालं, मी पुण्याला आले. दर थंडीत माहेरी जायचं, आणि निघताना खाली वाकून म्हणायचं, "येते हं काका." आपल्यात जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात, आणि समोरचा म्हणतो, ये हं. काका म्हणायचे, "पाहू." काकू त्यांना कोपराने ढोसायच्या. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ते 'पाहू' ऐकलं की निरोप पुरा झाल्यासारखा वाटायचा.

अशाच एका थंडीत मी तिथे असताना काकूंच्या छातीत दुखू लागलं. ऑपरेशन ठरलं. त्या सकाळी आई, मी आणि काका त्यांच्या स्ट्रेचरबरोबर चालत होतो. आतल्या दारापाशी त्यांनी काकांचा हात धरला. कुंकू नव्हतं, चेहरा एवढासा झालेला. म्हणाल्या, "अहो, भेटू ना आपण?" त्या दारापलीकडचं विचारत होत्या की त्याच्याही पलीकडचं, ते आम्हा तिघांनाही कळलं. मी मनात म्हटलं, काका, आज 'पाहू' म्हणू नका, तुम्हाला वाटेल त्याची शपथ. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला. मग म्हणाले, "हो. नक्की भेटू." काकू हसल्या, पहिल्यासारख्या. "ऐकलंत ना वहिनी? साक्षीला आहात हं!" आणि आत गेल्या. त्या परत आल्या नाहीत. मी त्या दिवशी रडले तशी माझ्या पाठवणीलाही रडले नव्हते.

मागच्या थंडीत गेले तेव्हा आईने जिन्यातच सांगितलं की काकांचा मुलगा त्यांना बेंगळुरूला नेतो-नेतो म्हणतोय. देव तेवढे देवळात देऊन टाका म्हणतो, बाबा, तुम्ही तर मानत नाही. काका त्याला 'पाहू' म्हणाले होते. या खेपेला मुक्काम एकाच दिवसाचा होता, म्हणून त्याच संध्याकाळी मी खाली गेले. स्वयंपाकघरात काका ओट्याच्या कोपऱ्यात समई लावत होते. देव्हाऱ्यात प्राजक्ताची फुलं, जरा वेडीवाकडी वाहिलेली. देवांचे चेहरे इतके लख्ख घासलेले की नाकडोळे पुसट झाले होते, काकूंनी पाहिलं असतं तर रागावल्या असत्या.

मला पाहून ते थोडे ओशाळले. "दिवा आग्नेयेला ठेवा म्हणतात भाभीजी. गॅसची नळी त्यापासून लांब आहे, मी तपासली."

"काका, आता पूजा करता?"

"देखभाल करून राहिलो," असं म्हणून ते वात सारखी करत राहिले. मग म्हणाले, "तू होतीस ना तिथे? मी तिला नक्की म्हटलं. जन्मात एकदाच म्हटलं, अन् ते खोटं पडू द्यायचं नाही मले. आता भेटायचं तर कुठं तरी काही तरी असायला पाहिजे ना, बाप्पा? माझ्याकडे पुरावा नाही. तिच्याकडे होता म्हणायची. मग तिची व्यवस्था मोडून कसं चालेल? देवळात देऊन टाकले, अन् मग तिला विचारायला कुठं जाऊ?"

मी उगीच थट्टा केली. "म्हणजे आस्तिक झालात की!"

"नाही गं. त्यांना खात्री असते."

"मग अजून अज्ञेयवादीच?" आता मला तो उच्चार नीट येतो.

काका हसले. "ते होतोच. पण 'माहीत नाही' म्हणून नुसतं बसवत नाही आता. भाभीजी म्हणतात तेच बरं. आग्नेयवादी."

वर भाभीजींच्या घरात कुकरची शिट्टी झाली, तसे काका म्हणाले, "त्यांची नळी पुन्हा पाहायला पाहिजे." दुसऱ्या दिवशी पहाटे माझी गाडी होती, म्हणून मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "येते हं काका." आणि सवयीने त्या 'पाहू'ची वाट पाहिली.

काका समईला हाताचा आडोसा करून उभे होते. म्हणाले, "हो. नक्की ये."

वर आले तर आई पोळ्या लाटत होती. मी तिला सांगितलं, आई, काका 'नक्की' म्हणाले. तिचं लाटणं थांबलं. पदराने डोळे टिपून ती म्हणाली, "मग आता तुला यावंच लागेल."