अण्णाची पाव शिक्षा

आमचा मावसभाऊ वकील आहे हे आमच्या घराण्याचं भाग्य, असं आई म्हणायची. मी म्हणत नाही.

अण्णा, माझा थोरला भाऊ, शहराबाहेर बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होता. माल वेळेत निघावा म्हणून मालकाने प्रेस मशीनचं संरक्षक झाकण काढायला लावलं, अण्णाने काढलं, आणि एका कामगाराची बोटं गेली. मालक परदेशी, म्हणजे फोन बंद. खटला अण्णावर. त्याला तर लढायचंच नव्हतं. "झाकण मी काढलं," एवढंच तो म्हणत राहिला. अशा माणसाला वकील हवा कशाला, सांगा!

पण वकील घरचाच. राजाजीनगरच्या आमच्या हॉलमध्ये कॉफी पीत त्याने स्कीम समजावली. गुन्हा कबूल करायचा, कामगाराला भरपाई द्यायची, की दोन वर्षांच्या जागी पाव शिक्षा. सहा महिने. "फक्त नंतर अपील नाही हं. निकाल लागला की मुगितु!" संपलं, हे कानडीत म्हटलं की त्याला फार कायदेशीर वाटतं. नातेवाईक तर खूश. पाऊण शिक्षा माफ! मामीने फोनवर माझं अभिनंदन केलं, जशी काही मी सेलमध्ये साडी पटकावली होती.

मला घोर आईचा. तिचं विसरणं वाढत चाललं होतं. मला ती कधी मुलगी समजायची, कधी शेजारीण. अण्णाला मात्र रोज बरोबर ओळखायची. डॉक्टर म्हणाले होते, चेहरे डोळ्यांसमोर राहू देत, एकदा पुसले की परत येत नाहीत. सहा महिने ही ओळख टिकणार का? वकिलाला विचारलं, तर म्हणे, "अगं, लढत बसलो तर वर्षं जातील." तेही खरंच, मेलं.

जजसाहेबांनी अण्णाला एकट्याला विचारलं, स्वखुशीने करताय ना? तुरुंगात जाताना स्वखुशी विचारतात. माझ्या लग्नात कोणी विचारली नव्हती. अण्णा हो म्हणाला आणि आत गेला. "आईला जेलमध्ये आणायचं नाही," असं त्याने मला बजावलं होतं. आईला आम्ही सांगितलं, कंपनीच्या कामाला बाहेरगावी गेलाय. ती रोज संध्याकाळी दाराशी यायची. "अण्णा आला?"

दोन महिने होत नाहीत तोच वकीलसाहेब मैसूरपाक घेऊन हजर. "ऐकलंस? नवा कायदा लागू झाला! पहिलाच गुन्हा असेल तर आता पाव नाही, सहावा हिस्सा. म्हणजे चारच महिने!"

मी आनंदाने ओरडलेच. "म्हणजे अण्णा सुटणार?"

"छे, अण्णाचं झालं ना! हे पुढच्यांसाठी."

"अरे, त्याचाही पहिलाच गुन्हा!"

"सरी, बरोबर आहे, पण कबुली दिलीय. अपील नाही. अगदी वरच्या कोर्टात अर्ज करता येतो म्हणा."

"मग कर की!"

"करतो. पण नंबर लागेपर्यंत अण्णा घरी येईल."

म्हणजे अण्णासारख्याला चार महिने पुरेत हे सरकारला पटलं होतं. ते फक्त अण्णाला लागू नव्हतं. खोटं बोलून तारखा घेत बसला असता तर फायद्यात राहिला असता. खरं बोलायची घाई नडली! मैसूरपाक मी त्याच्यादेखत शेजारी नेऊन दिला.

चार महिने भरले त्या दिवशीही आई दाराशी आली. "अण्णा आला?" मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पाचव्या महिन्यात एकदा तिने भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. "हे कोण गं?" अण्णाचाच फोटो.

अण्णा सुटला त्या संध्याकाळी मी त्याला आटोतून घरी आणलं. पार वाळला होता. वाटेत उतरून दाढी करून घेतली त्याने, आईला बरं दिसावं म्हणून. ती दारातच होती. तो पाया पडायला वाकला, तशी ती संकोचून मागे सरकली आणि तिने पदर सावरला.

"बसा हं," ती म्हणाली. "आमचा अण्णा येईलच एवढ्यात. बोम्मसंद्र्याहून यायला उशीर होतो त्याला."

अण्णाने माझ्याकडे पाहिलं. मग तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"थांबतो मी," तो म्हणाला.