आजोबांची अभ्यासिका

मुलुंडच्या त्या बंगल्याचं कौतुक ऐकून ऐकून मृणालिनीताईंना वीट आला होता. दर रविवारी सकाळी पंधरा-वीस माणसं फाटकातून आत येत, व्हरांड्यातल्या मोझेकच्या लाद्यांवर ओणवी होत, खिडक्यांच्या रंगीत काचांचे फोटो काढत, आणि त्यांचे यजमान विद्याधर इस्त्रीचा झब्बा घालून सगळ्यांना हिंडवत. आजूबाजूचे बंगले पाडून टॉवर झाले होते. चौतीस साली बांधलेला हा एकच तसाच्या तसा उभा होता, आणि तो हेरिटेजच्या यादीत जावा म्हणून खटपट चालली होती. विद्याधर असे मिरवत की जणू विटा त्यांनीच डोक्यावरून वाहिल्या. त्या लाद्यांवर या माणसाने उभ्या जन्मात फडका मारला नव्हता.

मृणालिनीताई लग्न होऊन डोंबिवलीहून इथे आल्या तेव्हा बाविशीत होत्या. तेव्हापासून त्या लाद्या, त्या काचा, कठड्याच्या नक्षीतली धूळ, सगळं त्यांच्याच वाट्याला. आता गुडघे गेले होते. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचा जिना चढवत नव्हता आणि खालचं बाथरूम मागच्या अंगणाच्या टोकाला. शेवाळावरून काठी टेकत जायचं. गेल्या वर्षी त्या घसरून पडल्या आणि मनगट मोडलं. म्हणून त्यांनी एकच मागणं मागितलं होतं: झोपायच्या खोलीला लागून मागे जी छोटी खोली आहे, तिची भिंत फोडून तिथे संडास-बाथरूम करा. विद्याधर हो म्हणाले. गवंडी येऊन मापंही घेऊन गेला. आणि मग अनुपमा आली.

अनुपमा जुन्या इमारतींची आर्किटेक्ट. पोरगी गोड, बोलणं मऊ. तिने ती मागची खोली पाहिली, जाळीचा झरोका पाहिला, अंगणात उघडणारं वेगळं दार पाहिलं, आणि ही कशासाठी होती म्हणून विचारलं. विद्याधरांनी डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, आजोबांची अभ्यासिका. मृणालिनीताईंना हसावं की ओकावं कळेना. आजोबा रेल्वेत हेडक्लार्क. पंचांग सोडून त्यांनी घरी कशाची पानं उलटली नव्हती. पण अनुपमाने लिहून घेतलं, मूळ रचनेला धक्का लावू नका म्हणाली, आणि गवंड्याला निरोप गेला की राहू दे. विद्याधरांनी जुन्या बाजारातून एक टेबल आणून त्या खोलीत टाकलं आणि वर दौत ठेवली.

ती खोली कशाची, हे त्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. पाळी आली की सासूबाई मान वळवून म्हणायच्या, बाजूला बस. मग चटई, घोंगडी, तांब्या आणि दाराबाहेरून सरकवलेलं ताट. मुलगा निलेश दोन वर्षांचा असताना अंगणात उभा राहून आई आई करून रडायचा, आणि त्याला उचलून घ्यायची सोय नव्हती. विद्याधर त्या दिवसांत मागच्या अंगणात फिरकतही नसत. सासूबाई गेल्यावर ते थांबलं, खोलीत अडगळ पडली, आणि आता तिथे दौत. तिच्याकडे नजर गेली तरी मृणालिनीताईंना शिसारी यायची.

एका रविवारी पुन्हा अभ्यासिकेचं पुराण सुरू झालं, तेव्हा त्या काठी टेकत गर्दीत शिरल्या आणि खरं काय ते सांगून टाकलं. ताटासकट, निलेशच्या रडण्यासकट. त्यांचा विचार सरळ होता. खोलीची लाज वाटली की खोली पडेल.

अनुपमाचे डोळे भरून आले, आणि त्याच डोळ्यांत चमकही आली.

"काकू, हे तर फारच महत्त्वाचं आहे. अशी खोली अजून शाबूत असलेला बंगला माझ्या तरी पाहण्यात नाही. हिला आता कोणाला हातच लावू द्यायचा नाही."

लोक दाराशी दाटले, फोन वर झाले. कोणीतरी सुचवलं, काकूंनी आत बसावं, झरोक्यापाशी, एक फोटो होऊन जाऊ दे. आणि ज्या विद्याधरांनी तेव्हा या उंबऱ्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, तेच लगबगीने खुर्ची घेऊन आले. तेवढ्यात टेबलावरची दौत उचलून त्यांनी खिशात टाकली. चेहऱ्यावर अभिमान तोच, फक्त विषय बदलला होता.

"तुम्ही बसा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "चार दिवस बसा. ताट मी दाराबाहेरून सरकवीन. पाचव्या दिवशी बाहेर आलात की मग सांगा, ही ठेवायची का पाडायची."

विद्याधर सगळ्यांकडे बघत हसले. त्यांच्याबरोबर कोणी हसलं नाही. अनुपमाने फोन खाली घेतला. मृणालिनीताई मात्र उत्तरासाठी थांबल्या नाहीत. त्यांना मघापासून जायचं होतं, बाथरूम अंगणाच्या त्या टोकाला होतं, आणि सगळी माणसं त्यांच्या वाटेत उभी होती.