पेडल खाली गेलं होतं

आमचं गॅरेज घराच्या खालीच आहे. वर तीन खोल्या, खाली जेमतेम दोन गाड्या मावतील एवढी जागा आणि मधे लोखंडी जिना. लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या नवऱ्याने माझ्या आईला सांगितलं होतं, "आमची आई फार शांत आहे. दिवसभर घरातच असते." त्यात खोटं काहीच नव्हतं. घरात म्हणजे कुणाच्या तरी गाडीखाली, एवढंच सांगायचं राहून गेलं होतं.

माझ्या सासूबाईंना सगळे ब्रेककाकू म्हणतात. पाटीवर अजून सासऱ्यांचंच नाव आहे, पण ते जाऊन सात वर्षं झाली. ते इंजिनवाले. इंजिन सुरू झालं की गिऱ्हाईक खूश, सासरे खूश, सगळी गल्ली ऐकायला उभी. ब्रेकचं काम त्यांना कंटाळवाणं वाटायचं. स्वतःच्या लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासूबाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. खाली एक व्हॅन नुकतीच दुरुस्त होऊन उभी होती आणि तिच्या मागच्या चाकाशी तळहाताएवढा ओला डाग दिसत होता. त्यांनी वरून सासऱ्यांना हाक मारली. ते म्हणाले, "पाणी असेल." त्या ओल्या चादरीसकट खाली आल्या, डागाला बोट लावून पाहिलं आणि व्हॅनसमोर जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, या हलायला तयार नाहीत. शेवटी सासरे चडफडत गाडीखाली शिरले. ब्रेकच्या पाइपाचा नट घट्ट करायचा राहिला होता.

बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "उद्यापासून हे काम तू शिक." त्या शिकल्या. आता त्यांना चाळीस वर्षं झाली या कामाला.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक जुनी स्पोर्ट्स कार आली. आली म्हणजे दुसऱ्या गाडीवर लादून आणली. दोनच सीट, गडद हिरवा रंग, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे टबात उतरल्यासारखं. पुढचा डावा दिवा फुटलेला, मडगार्ड आत गेलेलं. ती घेऊन आला होता मोठ्या चौकातला चष्मेवाला. साठीचा, गोल चेहऱ्याचा, बोलण्यात लाघवी माणूस. गाडी त्याच्या थोरल्या बहिणीची. ती सरकारी कचेरीत नकाशे काढायची आणि सुट्टीच्या दिवशी डोंगररस्त्यावरच्या शर्यतींत गाडी पळवायची. दोन कप मिळवले होते तिने. बावीस वर्षांपूर्वी अशाच एका शर्यतीत उतारावर गाडी भिंतीला धडकली, तिच्या गळ्याचं हाड मोडलं आणि घरच्यांनी गाडी शेडमध्ये कोंडली.

"आता पंच्याहत्तर पूर्ण झाली तिला," चष्मेवाला म्हणाला, "आणि एकच धोशा लावलाय, मला माझी गाडी चालवायचीय. काकू, तुम्ही नुसती चालू करून द्या. आवाज ऐकवू, अंगणात एक चक्कर मारू, तिचं समाधान होईल."

"आणि चक्कर मारून थांबायचं कसं?" सासूबाईंनी विचारलं.

"अंगणात काय थांबायचंय! ढकलून थांबवू."

"आधी ब्रेक," त्या म्हणाल्या. "मग पेट्रोल. आवाज सगळ्यात शेवटी. भिंतीला कशी लागली होती?"

त्याने आवाज जरा खाली आणला. "तसा ताईचा पाय ॲक्सिलरेटरवर जडच. वेगात असणार. ती म्हणते, पेडल खाली गेलं. आता काय सांगायचं, धडकलेला प्रत्येक माणूस असंच म्हणतो."

सासूबाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला आणि बॉनेट उघडलं.

मी शाळेत गणित शिकवते. गाड्यांमधलं मला फारसं कळत नाही, पण त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना हातभार म्हणून मी खालीच असायचे. त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं.

त्या गाडीत पेडल दाबलं की एका छोट्या सिलिंडरमधलं ऑइल चारही चाकांकडे ढकललं जातं. त्या सिलिंडरच्या आत रबराची वाटी असते. ती धड तर ब्रेक धड. सासूबाईंनी सिलिंडर सोडवला, टेबलावर जुन्या वर्तमानपत्रावर उघडला आणि वाटी बाहेर काढली. चहात पडून राहिलेल्या बिस्किटासारखी ती फुगली होती आणि एका बाजूने फाटली होती.

"जुनी झाली म्हणून?" मी विचारलं.

"जुनं रबर कडक होतं गं, तडकतं. फुगत नाही."

त्यांनी तळाशी उरलेलं ऑइल बोटांवर घेऊन चोळलं, वास घेतला. मग मला वरून काचेचा ग्लास आणायला सांगितला. ग्लासात पाणी घेतलं आणि त्यात ते काळपट ऑइल थेंब थेंब सोडलं. थोडं पाण्यात विरघळून गेलं. बाकीचं वर तरंगत राहिलं.

"ब्रेकचं ऑइल पाण्यात मिसळतं," त्या म्हणाल्या. "हे तरंगणारं इंजिनचं आहे. कुणीतरी यात इंजिनचं ऑइल ओतलं. त्याने रबर फुगतं, मऊ पडतं आणि एक दिवस फाटतं. फाटलं की पेडल जातं थेट जमिनीला. या गाडीत चारही चाकांना मिळून एकच सिलिंडर. पायाखाली काही उरतच नाही."

मग त्या गाडीखाली शिरल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा हातात हँडब्रेकची केबल होती. तिच्या एका टोकाच्या तारा ताणून तुटलेल्या, झाडूच्या काड्यांसारख्या पसरलेल्या.

"बघ. हिने शेवटपर्यंत हँडब्रेक ओढलाय. आणि नुसता ओढला नाही, सगळा जोर लावून ओढला असणार. त्या उताराला एका बाजूला दरी आहे, तरी गाडी भिंतीवर घातली, तीसुद्धा हिनेच." त्यांनी केबल टेबलावर वाटीशेजारी ठेवली. "बावीस वर्षं बाई खरं बोलतेय आणि कुणी बॉनेट उघडून पाहिलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भावाबहिणीला दोघांनाही बोलावलं. ताई काठी टेकत आल्या. उंच, सडसडीत, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. गाडीकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि नजर वळवली. सासूबाईंनी टेबलावर वाटी, केबल आणि तो ग्लास मांडून ठेवला होता. एकेक वस्तू उचलून त्यांनी दाखवली, मला सांगितलं होतं तेच सांगितलं. आवाज चढवला नाही की काही वाढवून सांगितलं नाही.

"म्हणजे पेडल खाली गेलं होतं," ताई म्हणाल्या.

"खाली गेलं होतं. कुणाचंही गेलं असतं."

ताई स्टुलावर बसल्या. काठी बाजूला ठेवून त्यांनी ती फाटकी वाटी हातात घेतली.

चष्मेवाला त्या ग्लासाकडेच बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता. "ताई," तो म्हणाला, "ते मी ओतलं असेन."

ताईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"तुझी गाडी धुतली होती मी. शर्यतीच्या आधी, चारेक दिवस. बॉनेट उघडलं, सिलिंडरवरच्या त्या डबीत ऑइलची पातळी कमी दिसली. शेडमध्ये इंजिनचं ऑइल उरलं होतं, म्हटलं ऑइल ते ऑइल. तुला सांगायचंही डोक्यात आलं नाही. आज या काकू बोलल्या तेव्हा... तेव्हा आठवलं."

"तुला माहीत नव्हतं?"

"देवाशपथ नाही गं."

"ते मान्य," ताई म्हणाल्या. "पण बावीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला तू सांगत होतास, ताईचा पाय जड. ते तर माहीत होतं ना तुला?"

ताई उठल्या, गाडीपाशी गेल्या, फुटक्या दिव्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग सासूबाईंकडे वळून विचारलं, "तयार कधी होईल?"

"सुटे भाग बाहेरून मागवावे लागतील. दोन महिने धरा."

"थांबते," ताई म्हणाल्या आणि भावासाठी न थांबता निघाल्या.

ते दोन महिने मी सासूबाईंना पाहत होते. त्या ऑइलने भिजलेलं एकही रबर त्यांनी ठेवलं नाही. सिलिंडर नवा, चारही चाकांच्या रबरी नळ्या नव्या, सगळी सीलं नवी. लोखंडी पाइप आतून गंजले होते, म्हणून जुना पाइप समोर ठेवून त्यांनी नवे पाइप हाताने वाकवले. पाइप चेपू नये म्हणून लहानमोठ्या डब्यांभोवती वळवायच्या. स्वयंपाकघरातले चार डबे त्यासाठी खाली गेले, ते अजून वर आलेले नाहीत. मग पेट्रोलची बाजू. टाकी उतरवली तर आत डांबरासारखा थर आणि जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास. चार वेळा धुतली तेव्हा तळ दिसला. रबरी नळी हातात घेताच तिचे तुकडे झाले. पंपाचा पडदा, फिल्टर, दोन्ही कार्बोरेटरच्या सुया, सगळं बदललं. "हे असंच चालू केलं असतं," त्या म्हणाल्या, "तर तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळलं असतं. मग आवाज चांगलाच ऐकू आला असता."

शेवटी ब्रेकच्या पाइपांत शिरलेली हवा काढायची वेळ आली, ती राहिली तर पेडल घट्ट लागत नाही. हे काम दोघांचं. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून स्क्रू उघडायचा. पेडलवर मी.

"दाब."

"दाबलं."

"धर. धर. सोड."

असं अख्खी दुपार. माझी पोटरी भरून आली, पण पेडल काही घट्ट होईना. स्पंजवर पाय दिल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. ऑइलचे डबे संपत होते. मी म्हटलं, "आई, नवा सिलिंडरच खराब निघाला असेल."

"वस्तूला नावं ठेवायच्या आधी आपले हात बघावेत," त्या म्हणाल्या. पुढच्या चाकासमोर पाट घेऊन बसल्या आणि काहीही न करता नुसत्या बघत राहिल्या. अर्ध्या तासाने त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, मी उलटे बसवलेत! डावा उजवीकडे, उजवा डावीकडे."

पुढच्या चाकांच्या ब्रेकची जोडी दिसायला अगदी सारखी असते. फरक एवढाच की हवा काढायचा स्क्रू वरच्या बाजूला यायला हवा. हवा वर चढते, तिथूनच निघते. त्यांच्या हातून अदलाबदल झाली आणि स्क्रू खाली आला. म्हणजे तीन दिवस आम्ही ऑइल काढत होतो आणि हवा आत आरामात बसली होती. चाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं, असं त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "दुसऱ्यांदा." काढून नीट बसवले आणि तासाभरात पेडल दगडासारखं घट्ट लागलं.

ही चूक झाकून ठेवणं सोपं होतं. आम्हा दोघींशिवाय कुणाला माहीत होती? पण ताई गाडी बघायला आल्या तेव्हा सासूबाईंनी हात पुसत पुसत पहिली तीच गोष्ट सांगितली. मला जरा रागच आला. इतकं काम केलं त्याबद्दल एक शब्द नाही आणि झालेल्या चुकीचं मात्र साग्रसंगीत वर्णन.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. "मला का सांगताय?"

"तुम्ही चालवणार म्हणून. आणि अजून एक. माझी चूक तीन दिवसांत सापडली, कारण मी उघडून बघत होते. तुमच्या भावाचीही सापडली असती, कुणी उघडलं असतं तर. त्याला कळत नव्हतं, त्याने विचारलं नाही. तुम्हालाही राग होता, तुम्हीही शेड उघडली नाही."

मला वाटलं, आता ही बाई काठी उगारते. पण ताई गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "ब्रेक फार कडक लावता हो तुम्ही." सासूबाई हसल्या, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

गाडी रविवारी सकाळी रस्त्यावर काढली. अंगणात नव्हे, त्याच उतारावर. ताईंच्या शेजारच्या सीटवर आधी सासूबाई बसल्या, कारण त्यांचा नियमच आहे, ब्रेक जिने केले तिने पहिल्या उताराला आत असायचं. ताईंनी वरून गाडी सोडली, वेग घेऊ दिला आणि वळणाच्या अलीकडे ब्रेक दाबला. गाडी जराही न घसरता, सरळ रेषेत उभी राहिली. आम्ही वर उभे होतो. चष्मेवाला माझ्या शेजारीच होता.

त्या परत वर आल्या. सासूबाई उतरल्या, गुडघा चोळत. ताईंनी इंजिन चालूच ठेवलं होतं. भावाकडे न बघताच म्हणाल्या, "बस."

"मी?"

"नाहीतर कोण? आणि दार नीट लाव."

तो बसला. गुडघे छातीशी आले होते बिचाऱ्याचे. गाडी वळणाआड गेली आणि अर्धा तास दिसली नाही. परत आली तेव्हा तो सांगत होता की ताईचा पाय खरंच जड आहे आणि ताई म्हणत होत्या, "आहेच."

सासूबाई तोवर रस्त्याच्या कडेला वाकल्या होत्या. गाडी मघाशी जिथे उभी होती तिथली जमीन त्या बोटाने चाचपून बघत होत्या. कोरडी होती.